मधला पॉइंट

दोन दिवस मी मशीनच्या भलत्याच टोकाला राबत होतो. मशीन ४०० अँपियरचं मिग, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवत वेल्डिंग करणारं, जुन्या धाटणीचं. आत मोठा थ्री फेज ट्रान्सफॉर्मर, पुढे एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे एक कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने तिन्ही फेजचे पॉइंट जोडणारा-तोडणारा स्विच. टॉर्चचं बटण दाबलं की तो खट्‌कन ओढतो, ट्रान्सफॉर्मरला सप्लाय मिळतो, तार पुढे सरकते. बटण सोडलं की सगळं गप्प.

तक्रार एवढीच, की टाका (वेल्डिंग) मध्येच मऊ पडतो. आमचे सगळ्यात जुने वेल्डर, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, ते म्हणाले, "कान दे जरा. नीट तळल्यासारखा आवाज येतो आणि मधेच फडफडतो." मी टॉर्चची टिप बदलली, लायनर (तार ज्या नळीतून जाते ती) हवेने फुंकला, रोलरचा दाब पाहिला, अर्थिंगचा क्लॅम्प घासून चकचकीत केला. मिगचा टाका बिघडला की दोष बहुतेक वेळा तारेच्या वाटेवरच निघतो, म्हणून हात आपोआप तिकडेच जातो.

मग इलेक्ट्रिकल बाजू पाहिली. येणाऱ्या तिन्ही फेजमध्ये ४१५ च्या आसपास. काकांना बटण दाबून धरायला लावलं, तर कॉन्टॅक्टरच्या बाहेरच्या टोकांवरही तेवढंच. वहीत लिहिलं, 'कॉन्टॅक्टर ओके', आणि परत लायनरकडे वळलो.

इथेच फसलो. टाका मारत नसताना ट्रान्सफॉर्मर अगदी थोडा करंट ओढतो. कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळून खड्डे पडलेले असले, जेमतेम टाचणीच्या टोकाएवढे टेकत असले, तरी तेवढा करंट निघून जातो आणि मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. आणि मी तर बिनलोडवरच मोजलं होतं!

दुसऱ्या दिवशी काका सहज बोलून गेले, "टाका मऊ पडला की पेटी पण घुमते रे." हे आदल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे चार तास वाचले असते. तारेतल्या दोषाने ट्रान्सफॉर्मर तसा घुमत नाही. फेज तुटक यायला लागली की घुमतो.

मेन स्विच बंद, कुलूप, टॅग. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासला, मग मशीनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. सप्लाय नाही याची खात्री झाल्यावर कॉन्टॅक्टरच्या एकाच पोलच्या (एका फेजच्या पॉइंटच्या) आत-बाहेरच्या टोकांना क्लिपा लावल्या, मीटर बाहेर ठेवला, झाकण लावलं आणि मगच सप्लाय दिला. चालू मशीनमध्ये हातात प्रोब धरून असलं मोजमाप करू नये. काकांनी भंगार पट्टीवर टाका सुरू केला. पहिला पोल: ३०-४० मिलिव्होल्ट. पुन्हा सगळं बंद करून क्लिपा सरकवल्या, तिसराही तसाच. मधल्यावर आकडा ४-५ व्होल्टवर नाचत होता आणि आवाज फडफडला की शंभराच्या वर उडी. २० अँपियरला ५ व्होल्ट म्हणजे १०० वॉट. काडेपेटीएवढ्या जागेत शंभराचा बल्ब कोंडल्यासारखं झालं.

कॉन्टॅक्टर काढून पाहिला तर मधल्या स्क्रूजवळचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. वायरचं इन्सुलेशन इतकं कडक की नखाने दाबताच तुकडा पडला. आत कडेचे पॉइंट काळे होते, पण काळेपणाला घाबरायचं कारण नाही, तो येतोच. मधल्यावर मात्र चांदीचा थर संपून खालचं तांबं उघडं पडलं होतं. अशा वेळी पॉलिश पेपर घेऊन बसणारे लोक मी पाहिलेत. उरलीसुरली चांदी तेवढी जाते, दुसरं काही होत नाही.

नवा घेताना जुन्याची बॉडी नीट वाचली. ठळक अक्षरात ४० अँपियर, खाली बारीक अक्षरात २५. ठळक आकडा एसी-१ चा, म्हणजे हीटरसारख्या शांत लोडचा. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, आणि इथे तर एका शिफ्टमध्ये बटण शेकडो वेळा दाबलं जातं. कधीतरी कुणीतरी मोठा आकडा बघून बसवलेला दिसतोय. मी एक साइज वरचा घेतला. कॉइल ११० व्होल्टचीच हवी. स्टोअरने आधी २३० ची दिली, ती परत केली. मोठ्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना जास्त पॉवर मागते, म्हणून बसवल्यावर ओढतानाचं व्होल्टेज कॉइलवर मोजलं. कॉइलला सप्लाय देणाऱ्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरने मान टाकली असती तर नवा कॉन्टॅक्टरही थरथरून जळला असता. पण फारसं खाली आलं नाही.

बाकी काम सरळ: आधी फोटो, प्रत्येक वायरला नंबराची टेप, जुन्याच्या कॉइलवरचा आरसी सप्रेसर (कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज दाबणारा) त्याच ११० व्होल्टचा, म्हणून तोच नव्यावर. वेळ खाल्ला तो मधल्या वायरने. तिचं तांबं आतपर्यंत काळवंडलं होतं. चमकदार तार लागेपर्यंत चार बोटं कापावी लागली, मग टोकाला नवं थिंबल क्रिंप केलं, म्हणजे दाबून बसवलं. पॉइंट आधी जळला की स्क्रू आधी ढिला झाला, हे आता सांगता येणार नाही, पण जुनी वायर तशीच कसली असती तर नव्याचीही तीच गत झाली असती.

लोडवर तिन्ही पोल पुन्हा मोजले, तिन्ही मिलिव्होल्टमध्ये. काकांनी मास्क वर करून नुसती मान हलवली आणि पुढचा जॉब लावला.

आठवड्याने स्क्रू एकदा परत कसायचेत. वहीतली 'कॉन्टॅक्टर ओके' ही ओळ खोडली नाही, फक्त पुढे कंसात 'बिनलोड' लिहून ठेवलंय.