चालू रोल आणि सव्विसावी निवड

विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या गावात मी यंत्रदेखभाल अभियंता म्हणून काम करतो. आमची गिरणी टिश्यू कागदाची, म्हणजे मुख्यतः शौचालयात वापरण्याच्या कागदाची आहे. एप्रिल २०२० मध्ये या कागदाला अमेरिकेत जी किंमत आली होती, ती आता सांगूनही कुणाला खरी वाटत नाही. कचेऱ्या आणि शाळा बंद पडल्यामुळे तिथे लागणारे मोठे रोल पडून राहिले, घरी लागणारे छोटे रोल मात्र दुकानांतून नाहीसे झाले. राज्यात घरीच थांबण्याचा हुकूम असला तरी तो आमच्या गिरणीला लागू नव्हता. मशीन थांबवायचे नाही, एवढीच वरून आलेली सूचना होती.

मला मात्र मशीन थांबवायचे होते. यांकी नावाच्या वाफेवर तापणाऱ्या प्रचंड सिलिंडरवर ओला कागद दाबून बसवणारा एक सक्शन प्रेस रोल असतो. त्याच्या एका बेअरिंगच्या कंपनांचे आकडे आठ दिवस सावकाश, पण न चुकता वाढत होते. पुढच्या मंगळवारी फेल्ट, म्हणजे ओला कागद वाहून नेणारा पट्टा, बदलण्यासाठी मशीन काही तास बंद राहणारच होते. त्याच वेळी हा रोलही काढावा आणि दुरुस्त करून ठेवलेला दुसरा रोल चढवावा, असा माझा प्रस्ताव होता. त्याने बंदचा काळ दुपटीहून अधिक वाढणार होता. शुक्रवारी सकाळी सहाच्या बैठकीत निर्णय व्हायचा होता आणि त्या बैठकीत मशीन टेंडरच्या, म्हणजे पाळीत मशीन चालवणाऱ्या मुख्य कामगाराच्या, शब्दाला माझ्या आलेखांपेक्षा जास्त वजन असणार, हे मी अनुभवाने जाणून होतो. म्हणून गुरुवारी, २३ एप्रिलला, मी मुद्दाम रात्रपाळीला गेलो. रात्रभराचे आकडे घ्यायचे आणि जमलेच तर टेंडरचे मन वळवायचे, असा बेत होता.

त्याच रात्री एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीची, पहिली फेरी होती, हे मी विसरलो नव्हतो. विसरणे शक्यही नव्हते. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव, आणि त्याचा स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल संघ आहे. १९१९ साली मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने गणवेशासाठी पैसे दिले, त्यावरून संघाचे नाव ‘पॅकर्स’ पडले. त्याचा कुणी एक मालक नाही. पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत, ज्यांना लाभांश मिळत नाही आणि ज्यांच्या शेअरला बाजारात किंमतही नाही. आमच्या मशीन टेंडरने २०११ च्या विक्रीत अडीचशे डॉलरला असा एक शेअर घेतला होता आणि प्रमाणपत्र चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगले होते. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेलो. शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने सुरू असताना एका चुकीच्या बदली खेळाडूवरून सख्ख्या भावांत अबोला धरलेला मी पाहिला आहे. इथला फुटबॉल हाताने खेळतात, चेंडू लांबुळका असतो, नियम निराळे आहेत. पण माणसे मला पहिल्या आठवड्यातच ओळखीची वाटली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंना बत्तीस संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने निवडतात. आदल्या हंगामात जो सर्वांत दुबळा ठरला त्याला पहिला मान मिळतो, विजेत्याला शेवटचा. २०१९ च्या हंगामात आमच्या पॅकर्सनी सोळांपैकी तेरा सामने जिंकले होते, पण सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यावर सॅन फ्रान्सिस्कोने त्यांना ३७-२० असे लोळवले. त्यामुळे आमचा क्रमांक तिसावा होता. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, ॲरन रॉजर्स छत्तीस वर्षांचा होता आणि दाव्हांते ॲडम्सखेरीज विश्वासाने चेंडू फेकावा असा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, त्याला नव्हता. म्हणून एक चांगला रिसीव्हर घ्यावा, यावर गावात जवळपास एकमत होते. त्या वर्षी रिसीव्हरांचे पीकही भरघोस होते.

साथीमुळे लास व्हेगसचा सोहळा रद्द झाला होता आणि लीगचे आयुक्त आपल्या घराच्या तळघरात बसून नावे पुकारत होते. आमच्या नियंत्रण कक्षातही एका वेळी चारच माणसांना परवानगी होती. टेंडर, त्याच्या हाताखालचा बॅक टेंडर, सर्वांत कनिष्ठ असा बावीस वर्षांचा फिफ्थ हँड आणि मी, असे चौघे तोंडाला मास्क लावून चार कोपऱ्यांत बसलो होतो. पडद्यांच्या रांगेखाली कुणीतरी फोन उभा करून ठेवला होता. पंचविसाव्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोने पुढे सरकून ब्रँडन आयुक हा रिसीव्हर उचलला, तेव्हा टेंडरने शिवी हासडली. लगेच बातमी आली की पॅकर्सनी मायामीला आपली तिसावी आणि चौथ्या फेरीतली एक निवड देऊन सव्विसावा क्रमांक मिळवला आहे. टेंडर उभाच राहिला. पुढे सरकण्याची घाई करायची ती रिसीव्हरसाठीच, याविषयी आम्हा चौघांच्या मनात शंका नव्हती; टी हिगिन्स की मायकेल पिटमन, एवढाच प्रश्न होता.

नाव पुकारले गेले ते जॉर्डन लव्हचे. यूटा स्टेटचा क्वार्टरबॅक, ज्याने आदल्या हंगामात सतरा इंटरसेप्शन दिले होते, म्हणजे सतरा वेळा फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती घातला होता.

टेंडर खाली बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग शांतपणे म्हणाला, “मी मालक आहे. मला कुणी विचारले नाही.”

मी त्याच्या बाजूने होतो आणि हिरिरीने होतो. संघ विजेतेपदाच्या एक पायरी खाली असताना पहिल्या फेरीची निवड अशा माणसावर खर्च करायची, जो दोन-तीन वर्षे बाकावर बसणार, आणि त्यासाठी वर आणखी एक निवड मोजायची, हे मला अनाकलनीय वाटत होते. रॉजर्सचा करारही २०२३ पर्यंतचा होता. बॅक टेंडर मात्र खूश होता. त्याचा पहिला मुद्दा अपेक्षित होता. २००५ साली ब्रेट फार्व्ह पस्तीस वर्षांचा असताना याच संघाने चोविसाव्या क्रमांकावर रॉजर्सला घेतले होते, तेव्हाही गाव चिडले होते, आणि तीन वर्षे बाकावर बसलेल्या त्याच रॉजर्सने पुढे सुपर बोल मिळवून दिला. दुसरा मुद्दा त्याने पैशाचा मांडला. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्याच करारात संघाला पाचव्या वर्षाचा वाढीव पर्याय असतो, म्हणून तयार व्हायला वेळ लागणारा क्वार्टरबॅक घ्यायचा तर पहिल्या फेरीतच घ्यावा. तिसरा मुद्दा मला बोचला. त्याने रॉजर्सचे आकडे काढले. टचडाउनच्या, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या, फेकी सव्वीस आणि इंटरसेप्शन अवघी चार, हे कागदावर उत्तम. पण अचूक फेकींचे प्रमाण ६२ टक्के, म्हणजे त्याच्या ऐन भराच्या वर्षांपेक्षा कमी. “घसरण सावकाश आहे म्हणून ती घसरण नव्हे का?” त्याने विचारले. फिफ्थ हँडचे म्हणणे वेगळेच होते. सॅन फ्रान्सिस्कोने त्या सामन्यात नुसते धावून २८५ यार्ड काढले होते, मग रिसीव्हर कशाला आणि क्वार्टरबॅक कशाला, बचावाला एखादा दांडगा गडी घ्यायला हवा होता. आजही मला वाटते की त्या रात्री सर्वांत शहाणे वाक्य त्या पोराचे होते. कुणी त्याच्याकडे लक्ष दिले नाही.

अकराच्या पुढे कागद तुटला. तुटला की भोंगा वाजतो आणि सगळे धावतात. वाफ, कागदाचा लगदा आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांत कागदाची शेपटी पुन्हा कागद गुंडाळणाऱ्या रीलपर्यंत न्यावी लागते. कानात बोळे घातलेली टेंडर आणि बॅक टेंडर ही दोन माणसे यांकीच्या दोन बाजूंना उभी राहून हातवाऱ्यांनी तोच वाद पुढे चालवत होती, हे दृश्य मी विसरणार नाही.

परत आल्यावर मी माझे आलेख उघडले आणि रोलचा विषय काढला. आकडे चढते आहेत, बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात दोष असल्याची खूण स्पष्ट दिसते आहे, बदली रोल तयार आहे, तेव्हा चालू आहे तोवरच तो काढलेला बरा, असे मी सांगितले. टेंडर म्हणाला, चालणाऱ्या वस्तूला हात लावू नये. निदान तो आपल्या मताशी प्रामाणिक होता. बॅक टेंडरही म्हणाला की या दिवसांत इतके तास बंद म्हणजे वेडेपणा आहे. आणि मग तो मध्येच थांबला, माझ्याकडे पाहू लागला आणि मास्कच्या आड हसू लागला. “म्हणजे रॉजर्सच्या जागी नवा नको, पण रोलच्या जागी नवा हवा?”

मी म्हणालो की तुझेही तसेच आहे, फक्त उलट. मग आम्ही दोघांनी आपापला बचाव सुरू केला. माझे म्हणणे असे होते की रोलच्या बाबतीत माझ्यापाशी मोजमाप आहे. तो म्हणाला, मोजमाप माझ्यापाशीही होते, तू ते मानले नाहीस. मी म्हणालो, बदली रोल आधीच विकत घेतलेला आहे, तो चढवण्यासाठी मला दुसरे काही गमवावे लागत नाही. लव्हसाठी हिगिन्स गमवावा लागला. हा मुद्दा त्याला मान्य करावा लागला. मग मी जरा चढून बोललो, “आणि बदली रोल स्टँडवर ठेवलेला पाहून जुना रोल रागावत नाही.”

इतका वेळ गप्प असलेला टेंडर यावर म्हणाला, “तोच तर प्रश्न आहे. हा रागावणार. आणि रागावल्यावर तो कसा खेळेल, ते तुम्हा दोघांच्या आलेखांत नाही.”

रात्री दोनच्या सुमारास टेंडर आणि बॅक टेंडर यांच्यात पैजेचा विषय निघाला. बिअरचा एक खोका, पाच वर्षांनी हिशेब. पैज ठरायला एक मिनिट लागले, अटी ठरायला तीन तासही पुरले नाहीत. निवड शहाणपणाची होती, हे कशावरून ठरवायचे? बॅक टेंडर म्हणाला, लव्हने सुरुवातीपासून खेळून एक तरी प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचा, सामना जिंकावा. टेंडर म्हणाला, सुपर बोलखेरीज दुसरे माप नाही, कारण रॉजर्सला रिसीव्हर मिळाला असता तर तोच मिळाला असता. मी म्हणालो, हिगिन्स पुढे कसा खेळतो ते मोजा. त्यावर दोघांनीही मला वेड्यात काढले, कारण हिगिन्सला चेंडू कोण फेकणार यावर ते अवलंबून असते. शेवटी एका रील टॅगच्या, म्हणजे रीलला लावायच्या चिठ्ठीच्या, मागे दोघांनी आपापली अट लिहिली, दोन्हींखाली दोघांनीही सह्या केल्या, आणि साक्षीदार म्हणून तो टॅग माझ्याकडे दिला.

सकाळच्या बैठकीत टेंडरने मला चकित केले. त्याने रोल बदलायला हरकत घेतली नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाला, रात्रीतून दुसऱ्यांदा कुणी न विचारता निर्णय घेण्यापेक्षा मला विचारले गेले, एवढे पुरे आहे. मंगळवारी आम्ही रोल काढला. मशीन अकरा तास बंद राहिले. बेअरिंग उघडल्यावर बाहेरच्या कड्यावर नखाएवढा पापुद्रा निघालेला दिसला. टेंडर म्हणाला, हे आणखी तीन महिने चालले असते. मी म्हणालो, किंवा तीन दिवस. दोघांपैकी कुणालाही आपले म्हणणे सिद्ध करता येण्यासारखे नव्हते, कारण बेअरिंग आता टेबलावर होते.

पुढचे फुटबॉल सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी पॅकर्सनी नऊ खेळाडू निवडले आणि त्यांत एकही रिसीव्हर नव्हता. रॉजर्स २०२० आणि २०२१ अशा लागोपाठ दोन हंगामांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टेंडरचा अंदाज खरा ठरला, पण त्या निवडीच्या विरोधात की बाजूने, हे त्यालाही सांगता येईना. जानेवारी २०२१ मध्ये आमच्याच लॅम्बो फील्ड मैदानावर टॅम्पा बेकडून ३१-२६ असा पराभव झाला, तेव्हा त्याने मला रात्री फोन करून एकच शब्द उच्चारला: “हिगिन्स.” २०२३ च्या एप्रिलमध्ये रॉजर्स न्यू यॉर्कच्या जेट्स संघाकडे गेला आणि नव्या संघाच्या पहिल्याच सामन्यात चार खेळी होताहोताच त्याच्या टाचेमागची कंडरा तुटली. टेंडर तोवर निवृत्त झाला होता. त्या दिवशी बॅक टेंडरने त्याला मुद्दाम काही कळवले नाही, आणि त्याच्याविषयी मला आदर वाटला.

लव्ह त्या हंगामात पहिल्यांदाच संघाचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. त्याने बत्तीस टचडाउन फेकले, संघ कसाबसा सातव्या मानांकनाने प्लेऑफमध्ये शिरला आणि १४ जानेवारी २०२४ ला त्याने डॅलसला त्यांच्याच घरी ४८-३२ असे हरवले. सामना संपायच्या आत बॅक टेंडरचा आम्हा दोघांना संदेश आला: टॅगवरची पहिली अट पूर्ण झाली, खोका पाठवावा. टेंडरने उत्तर दिले की शनिवारपर्यंत थांब.

शनिवारी सामना पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोशी होता. शेवटच्या मिनिटात तीन गुणांनी मागे असताना लव्हने पळता पळता मैदानाच्या मध्यावर चेंडू फेकला आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. काही वेळाने फोन वाजला. टेंडरने फक्त आकडे पाठवले होते, २४-२१. टॅग अजून माझ्याच खणात आहे, त्या बेअरिंगच्या कड्याखाली. खोका अजून कुणी कुणाला पाठवलेला नाही.