बीपी नाही, शुगर नाही, मग चालायचं कशाला?

"मॅडम, मला बीपी नाही, शुगर नाही. मग मी रोज कशाला चालू?" मी मेडिकलच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे जिन्यात, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. पूर्वी त्याला नुसतं अस्तर समजत. 1980 साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिलं की सशाच्या महाधमनीचा तुकडा ॲसिटिलकोलीन हे रसायन घातल्यावर सैलावतो, पण हा थर खरवडला गेला असेल तर सैलावत नाही. म्हणजे तो थरच काहीतरी सोडत होता. ते निघालं नायट्रिक ऑक्साइड, चक्क एक वायू! 1998 चं नोबेल याच शोधासाठी तिघांना मिळालं. वर्गात हा प्रयोग सांगताना मला अजूनही भरून येतं.

आता चालण्याकडे येऊ. बसलेले असताना हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फेकतं, भरभर चालताना दुपटीच्या आसपास. वाढलेला प्रवाह त्या अस्तराला घासत जातो. अस्तराला ते जाणवतं, ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी रुंदावते. रोज असं होत राहिलं की काही आठवड्यांत अस्तर जास्त तत्पर होतं. पुढे काही महिन्यांनी वाहिनीच मुळात थोडी रुंद होते. स्नायूंत नव्या केशवाहिन्याही फुटतात.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र वयात आहे. कुठलाही आजार नसला तरी बैठ्या माणसाच्या अस्तराची ही तत्परता वयाबरोबर कमी होत जाते. रिपोर्टमध्ये ते दिसत नाही. पन्नाशी-साठीच्या निरोगी पण बैठ्या पुरुषांना तीन महिने नियमित चालायला लावलं, तेव्हा ती बऱ्याच अंशी परत आली. रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांमध्ये हा फरक इतका स्पष्ट दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. तरी मी चालते, कारण फायदा फक्त अस्तराचा नाही. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, आणि खुर्चीत बसून ते होत नाही.

किती चालायचं? आठवड्याला किमान 150 मिनिटं. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

"मग रविवारी एकदमच अडीच तास चाललो तर?" हा पुढचा प्रश्नही ठरलेला. मिनिटांचा हिशेब त्यानं जुळेल. पण चालून आल्यावर रक्तदाब थोडा उतरतो, तो काही तासच. रविवारचं चालणं बुधवारपर्यंत पुरत नाही.