गाडीत मुक्काम, लाँचने वासोटा: बामणोलीचे दोन दिवस

वासोट्याच्या किल्ल्यावर याआधी दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा पहाटे सातारा सोडायचं, धावतपळत लाँच गाठायची आणि रात्री अंग मोडून परत यायचं, असंच झालं. या नोव्हेंबरात मात्र आई-आबा आणि मुलीला घेऊन गेलो. आबांचे गुडघे गड चढू देत नाहीत, पण शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर एक रात्र काढायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. म्हणून मित्राची टेम्पो ट्रॅव्हलर मागून घेतली. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, साठ लिटरची पाण्याची टाकी आणि पेटीतला संडास, एवढी सोय होती.

डिझेल, पाणी, भाजी सगळं साताऱ्यातच भरून घ्या. यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढवावा. रस्ता अरुंद आहे आणि समोरून एसटी आली की उंच गाडीची बाजू झाडांच्या फांद्यांना घासते. कास पठारावरच्या फुलांचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. आम्ही पोचलो तेव्हा पठार करडं पडलं होतं, कडेला कुठेतरी सोनकी तेवढी उरली होती. तिथे मुक्कामाचा विचार करू नका. त्या कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, त्यावरून चाक गेलं की पुढच्या वर्षी तिथे फूल येत नाही.

कासच्या पुढे उतार लागतो. वळण घेतलं की खाली निळं पाणी दिसतं, तेव्हा आबा म्हणाले, "थांबव जरा." पाच मिनिटं कोणी बोललं नाही.

पाण्याकाठच्या बामणोली गावात माझी एक चूक झाली. पाण्याच्या अगदी जवळ, सपाट दिसली म्हणून गाडी खाली उतरवली. धरणाचं पाणी नुकतंच हटलेली जमीन वरून कोरडी दिसते, खाली गाळ असतो. मागची चाकं रुतली आणि शेवटी गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागला. तेव्हा गाडी वरच्या पक्क्या जागेवरच लावा आणि कुणाच्या दारात किंवा शेतात लावायची तर आधी विचारा. संडासाची पेटी आणि खरकटं पाणी तळ्याकडे अजिबात सोडू नका, घरी नेऊनच रिकामं करा. याच पाण्यावर काठची गावं जगतात.

काठावर राहिल्याचा खरा फायदा सकाळी कळला. साडेसहाला दार उघडलं तर पाण्यावर धुकं कापसासारखं पसरलेलं. एक खंड्या दोरीवर बसला होता. त्याने सूर मारला तेव्हा पाण्यात उठलेलं वर्तुळ धुक्याखालून बराच वेळ पसरत राहिलेलं दिसलं. आईने चहा टाकला होता, तो तिथेच निवला.

वनखात्याची परवानगी बामणोलीतच मिळते. ओळखपत्राच्या झेरॉक्स जवळ ठेवा. प्लास्टिक मोजून नोंदवतात, परतल्यावर पुन्हा मोजतात. मला तर ही पद्धत फार आवडते. लाँचचं भाडं अख्ख्या लाँचचं असतं, त्यामुळे तुम्ही दोघं-तिघं असाल तर काठावर दुसरा गट शोधा आणि मिळून जा. लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा, मांडीवर ठेवून नाही.

लाँच चालवणारे काका पन्नाशीचे. मधोमध आल्यावर त्यांनी इंजिनाचा आवाज कमी केला आणि हात दाखवला. "आमचं जुनं गाव हितं खाली. आज्जा सांगायचा, भात लई चांगलं यायचं." कोयनेचं धरण 1960 च्या दशकात उभं राहिलं आणि हे खोरं बुडालं. उन्हाळ्यात पाणी हटलं की काही ठिकाणी जुनी जोती उघडी पडतात, असं काका म्हणाले. माझ्या मुलीने पाण्यात हात घातला होता, तो तिने हळूच बाहेर काढला.

तास-दीड तासाने गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरलो. पुढे कोयना अभयारण्याचं दाट रान आहे, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. ओढा ओलांडला की चढ सुरू, वर पोचायला अडीच तास धरा. झाडीत एका जागी सगळे गप्प बसा, शेकरू हमखास दिसतो असं नाही, पण फांद्यांची सळसळ ऐकू येते. वरून बाबू कडा आणि मागे नागेश्वरचा सुळका पाहताना वेळेचं भान ठेवा, अंधाराआधी लाँच सुटते आणि गडावर मुक्कामाला मनाई आहे. मोठी मुलं घेऊन नोव्हेंबर ते फेब्रुवारी जावं. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

परत आलो तर आबा काठावर गावातल्या दोन म्हाताऱ्यांबरोबर बसलेले. डिसेंबर 1967 च्या भूकंपाच्या रात्री कोण कुठे होतं, हे चाललं होतं. पितळीत नाचणीची भाकरी आणि कोयनेचा मासा होता. "उद्या सकाळी निघू," आबा म्हणाले. आम्ही गाडी पुन्हा वरच्या जागेवर लावली.