नुसता प्राणायाम शिकवाल का?

“आसनं-बिसनं राहू देत, नुसता प्राणायाम शिकवाल का?” मी योग शिकवते हे कळलं की लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो. विचारणाऱ्यांचे गुडघे बहुधा कुरकुरत असतात आणि बसल्या जागी श्वास घ्यायचा-सोडायचा यात कसले आलेत कष्ट, असं त्यांना वाटतं. तुम्हीही परवा विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते. शिकवीन, पण लगेच नाही.

आधी रोजची चप्पल उलटी करून बघा. एका पायाची टाच दुसरीपेक्षा जास्त झिजलेली दिसेल, तीही एकाच कडेने. किती वर्षं वजन तिकडे पडतंय ते चपलेला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. ताडासनात उभं राहिलं की पहिले काही आठवडे आम्ही हेच विचारत बसतो: वजन अंगठ्याच्या मुळाशी आहे की करंगळीच्या? डाव्या टाचेवर किती, उजव्या टाचेवर किती? नवी माणसं खाली वाकून बघतात. बघायचं नसतं, आतून कळायला हवं. स्नायूंत आणि सांध्यांत ताण मोजणारी संवेदनाग्रं असतात, त्यांचे निरोप मेंदूकडे अखंड जात असतात. आपण तिकडे कधी लक्ष देत नाही, एवढंच.

मग मी म्हणते, गुडघ्याची वाटी वर उचला. म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू आवळा. ही सूचना दिली की मी पायांकडे बघतच नाही, तोंडाकडे बघते. वाटी हलायच्या आधी जबडा आवळला जातो, कपाळाला आठी पडते आणि श्वास थांबतो. जवळजवळ प्रत्येकाचा थांबतो, आणि थांबलाय हे त्याला सांगावं लागतं. हेच घरीदारी दिवसभर चालू असतं. कर्वे रस्त्यावर सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या स्वतःचे खांदे तपासा. कानाजवळ पोचलेले असतील, हँडल मुठीत घट्ट असेल, आणि श्वास गळ्याशीच कुठेतरी.

अशा अंगाने प्राणायामाला बसवलं तर काय होईल? माणूस दीर्घ श्वास घ्यायचा म्हणून छाती पुढे फुगवतो, मान ताठ करतो, नाकाने सूं सूं आवाज काढतो आणि दहा मिनिटांत दमतो. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल. ते खालच्या बरगड्यांना आणि कमरेच्या मणक्यांना आतून जोडलेलं असतं. कंबर ढिली सोडून पोक काढून बसलात तर त्याला खाली सरकायला जागाच उरत नाही. म्हणून आधी पाठ, मांड्या, खांदे. योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनीही प्राणायामाच्या सूत्राची सुरुवात ‘तस्मिन् सति’ अशी केली आहे, म्हणजे आसन साधल्यावर.

पुण्याला हा क्रम नवा नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते, लहानपणीच्या क्षयाने अशक्त झालेले. पुढे त्यांनी दोर, खुर्च्या, विटा, पट्टे असं सगळं आसनांत आणलं. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५पासून आहे. त्यांच्या पद्धतीत प्राणायाम उशिरा येतो, आणि तोही आधी झोपून. मी ज्या बाईंकडे शिकले त्या याच पठडीतल्या. पाठीखाली चादरीची लांबट घडी घालून आम्हाला झोपवायच्या आणि म्हणायच्या, “बरगड्या पाठीलाही असतात, विसरलात का?” खरंच विसरलेलो असायचो. घडीवर पाठीच्या बरगड्या श्वासाबरोबर रुंदावतात आणि परत मिटतात, हे जाणवायला मला बरेच दिवस लागले. मात्र एकदा कळलं की श्वास ओढून घ्यायची धडपड आपोआप कमी होते. उच्छ्वास लांबतो. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, त्यामुळे तो लांबला की माणूस निवांत होतो यात गूढ काही नाही.

आणि हो, “मी टीव्हीवर बघून रोज कपालभाती करतो की,” असं तुम्ही म्हणालात. करता ते ठीक. पण हठप्रदीपिकेत, म्हणजे हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, कपालभाती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत येते, प्राणायामांत नाही. पोटाला झटके देण्याच्या वेगाचं कौतुक मला तरी कळत नाही. रक्तदाब असेल तर ती आणि श्वास कोंडून ठेवणं, दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

गुडघ्यांची काळजी करू नका, खुर्ची घेऊन होणारी आसनं भरपूर आहेत. येताना पोट रिकामं ठेवा आणि दोन जुन्या सुती चादरी आणा. गुबगुबीत ब्लँकेट नको, त्यात पाठ रुतते आणि बरगड्यांचं काही कळत नाही. घडी मी घालून देईन. डोक्याखाली वेगळी लागते, नाहीतर हनुवटी वर जाऊन गळा ताणला जातो.