थर्माकोलनं बुडी मारली

जानेवारीतली पाणपक्ष्यांची गणना होती. पहाटे कुंभारगावहून होडी सोडली तेव्हा उजनीच्या पाण्यावर इतकं दाट धुकं होतं की जाळ्यांचे बांबूसुद्धा दिसत नव्हते. सोबत पुण्याच्या दोन ताई, एकीकडे वही, दुसरीकडे कॅमेरा. वारकरी, म्हणजे कूट पक्षी, मोजायचं काम नेहमीसारखं माझ्याकडे. उजनी धरणात अडवलेली हीच भीमा पुढं पंढरपूरला जाते, म्हणून या पक्ष्याचं हे नाव मला फार गोड लागतं. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. दहा-दहाचे घोळके धरून मोजत जायचं.

३४० पर्यंत आलो आणि थव्याच्या मधोमध पांढरं काहीतरी तरंगताना दिसलं. जाळ्याचा थर्माकोल सुटून आला असेल, म्हणून पुढं निघालो, तर थर्माकोलनं बुडी मारली! वर आला तेव्हा चोचीत शेवाळाची हिरवी दोरी लोंबत होती.

मी इंजिन बंद केलं. बांबूनं हळूहळू रेटत थोडं पुढं गेलो आणि थांबलो.

"दादा, अल्बिनो! डोळा बघा, लालभडक," कॅमेऱ्यावाल्या ताई कुजबुजल्या.

इथंच माणूस फसतो. मोठ्या वारकऱ्याचा डोळा एरवीही लालच असतो. मी त्यांना फोटो मोठा करायला सांगितलं. लाल कड्याच्या आत बाहुली काळीभोर होती. अल्बिनो पक्ष्याच्या अंगात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयारच होत नाही, पिसांत नाही आणि डोळ्यांतही नाही. त्याची बाहुलीही तांबूस दिसते, नजर अधू असते आणि असा पक्षी रानात क्वचितच मोठा होतो. याच्या मानेखाली तर रुपयाएवढा काळा डाग होता, म्हणजे तिथं रंग तयार होत होता. 'अर्धा अल्बिनो' असा प्रकारच नसतो. रंगपेशी पिसांपर्यंत पोहोचल्याच नाहीत तर तो ल्युसिझम. आणि वयाबरोबर पिसं पांढरी होत जातात, तो प्रकार वेगळा. एका भेटीत ते ठरत नाही, पुढं पांढरं वाढतंय का ते बघावं लागतं. म्हणून वहीत एवढंच लिहायला सांगितलं : 'वारकरी, बहुतेक पिसं पांढरी, बाहुली काळी.'

फोटोत पंखांची टोकं कुरतडल्यासारखी दिसत होती. मेलॅनिननं पिसाला बळकटी येते. पांढरं पीस लवकर झिजतं.

तेवढ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी आला. सगळे वारकरी एकमेकांना चिकटून दाटले. त्या काळ्या घोळक्यात हा एकटा लखलखीत! भोवत्या तीनदा वळला आणि तिन्ही वेळा याच्याच डोक्यावर उतरला. दर वेळी पाणी उडायचं, पांढरं गडप व्हायचं आणि आम्ही श्वास धरून बसायचो. ताईंना फोटो काढायचं भानच राहिलं नाही. अखेर भोवत्या पलीकडच्या पाणकणसावरून निघून गेला. थोड्या वेळानं आमच्या होडीच्या डाव्या अंगाला पांढरं डोकं वर आलं, अंग झाडलं आणि परत शेवाळ ओढायला लागलं.

मोजणी कधीच विसरलो होतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, त्याच्यापासूनच. "लिहा ताई, एक."