लस घेतली तर खाडा कोण भरणार?

30 डिसेंबर 2021च्या रात्री राज्य सरकारचा नवा आदेश आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडला. लग्नाला 50 माणसं, कुठल्याही कार्यक्रमाला 50, अंत्यविधीला 20. त्याआधी 24 तारखेचा आदेश होताच, रात्री 9 ते सकाळी 6 सार्वजनिक ठिकाणी पाचपेक्षा जास्त लोकांनी जमायचं नाही. कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराचा राज्यातला पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडून महिनाही झाला नव्हता. त्यात नाताळ ते एकतीस डिसेंबर हा आठवडा सहली-पार्ट्यांचा, म्हणजे रोख कुणावर आहे ते उघडच होतं. त्याच आदेशाखाली आमच्या डॉक्टरसाहेबांचा मेसेज होता: उद्या ऊसतोड टोळीवर लसीकरण सत्र, दोन व्हायल (लसीच्या कुप्या), सिस्टर तुम्ही जा.

मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. दिवाळीनंतर आमच्या गावांची लोकसंख्या वाढते. बीड, परभणी, नगरकडून टोळ्या येतात, साखर कारखान्याच्या आसपास त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, आणि ही माणसं कुठल्याच गावाच्या यादीत नसतात. ‘हर घर दस्तक’ या घरोघरच्या लसीकरण मोहिमेत आम्ही नोव्हेंबरपासून दारं वाजवत होतो, पण कोपीला वाजवायला दार नसतं. शिवाय पहाटे चारला सगळे फडावर जातात आणि अंधार पडल्यावर परततात. म्हणून फडावरच जायचं ठरलं.

सकाळी दहाला व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन आम्ही बांधावर पोहोचलो. मी, आशाताई आणि पोर्टलवर नोंदी करणारे आरोग्यसेवक. ट्रॉली अर्धी भरली होती. बायका मोळ्या बांधून डोक्यावरून नेत होत्या, फळीवरून वर चढत होत्या. आम्हाला बघून कुणी थांबलं नाही, शेतमालक मात्र धावत आले.

“सिस्टर, आज न्हाई. दोन महिनं चिटबॉयच्या मागं फिरलोय, तवा कुठं तोड आलीया. ह्यास्नी आज सुई टोचलीसा आन उद्या सगळी तापानं पडली, तर माझा ऊस कोण तोडणार? तुम्ही?”

चिटबॉय म्हणजे कुणाच्या फडात कधी तोड लावायची ते ठरवणारा कारखान्याचा माणूस. मी म्हटलं, काका, ताप सगळ्यांना येत नाही, आणि आला तरी बहुतेकांचा एक-दोन दिवसांत उतरतो. ते म्हणाले, “एकच दिवस म्हणा की. त्या एका दिवसात गाडी दुसऱ्याच्या फडात जाती.”

त्यांचा मुलगा शेजारी उभा होता. पुण्याला संगणकाच्या कंपनीत, नाताळच्या सुट्टीला जोडून घरी आलेला. त्याचा पहिला डोस झाला होता, दुसरा त्याने मुद्दाम टाळला होता. कोविड होऊन गेलाय, अँटिबॉडी आहेत, मग कशाला, हे त्याचं म्हणणं. बोलायला चांगला होता, आवाज न चढवता बोलत होता. लस घेतलेल्यांनाही ओमायक्रॉन होतोय ना? मग मॉलमध्ये आणि बसमध्ये दोन डोसवाल्यांनाच प्रवेश कशासाठी? विषाणू रात्री नऊनंतरच बाहेर पडतो का? आत्ताच नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, तेव्हा सभांना कोण मोजत होतं?

शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. बाकीच्यांना होतं. लस घेऊनही लागण होते, हे मी त्याला कबूल केलं. आम्ही ते कधी लपवलंही नव्हतं. पण लागण होणं आणि ऑक्सिजनवर जाणं यात फरक आहे, आणि तो फरक एप्रिल-मेमध्ये बेड शोधत फिरलेल्या घरांनी पाहिला आहे. होऊन गेलेल्या आजाराचं संरक्षण मिळतं, हे त्याचं बरोबर होतं. पण ओमायक्रॉन आधी होऊन गेलेल्यांनाही गाठतो, अशा बातम्या दक्षिण आफ्रिकेतून यायला लागल्या होत्या. रात्रीचा नियम विषाणूच्या घड्याळावर नाही, पार्ट्यांच्या घड्याळावर बेतलेला आहे, असं मी म्हटलं तेव्हा तो हसला. “म्हणजे आमच्यासाठीच,” म्हणाला. त्या रात्री मित्रांबरोबर त्याच्या शेतातल्या घरावर त्याचा बेत होता, हे मला नंतर कळलं.

आम्ही दोघं असे वाद घालत असताना आमच्या मागे पंधरा-वीस माणसं वाकून ऊस तोडत होती. वाद त्यांच्याच दंडावरच्या सुईचा, आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. अगदी मीही तोवर विचारलं नव्हतं, मी मालकाची परवानगी काढत बसले होते.

जेवणाची सुट्टी झाली तशी मी मुकादमाकडे, म्हणजे टोळी घेऊन येणाऱ्या ठेकेदाराकडे गेले. मुकादम लसीच्या विरोधात अजिबात नव्हता. त्याला सर्टिफिकेट हवंच होतं. “तिकडं औरंगाबादेत लशीबिगर पेट्रोल देत न्हाईत, रेशन देत न्हाईत,” तो म्हणाला, आणि ते खरं होतं. नोव्हेंबरात तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी तसा आदेश काढला होता. परतीच्या वाटेवर कुणी अडवू नये एवढीच त्याची चिंता. मग हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, सुई ऱ्हाऊ द्या. नुसतं कागद काढून द्या ना समद्यांचं.”

ही मागणी मला नवी नव्हती. सक्तीचा आदेश निघाला की दोन दिवस केंद्रावर रांग लागायची, आणि त्या रांगेत ‘नुसतं सर्टिफिकेट’ मागणारे हमखास असायचे. सक्तीने लोक केंद्रापर्यंत येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांची शंका मात्र तशीच राहते, उलट वाढते. एवढं चांगलं असतं तर पेट्रोल कशाला अडवलं असतं, असं लोक म्हणतात. मी मुकादमाला नाही म्हटलं.

तेवढ्यात भाकरी खात बसलेल्या एका बाईने मला हाक मारली. पन्नाशीची असेल, टोळीत तिला सगळे मावशी म्हणत होते. हातावर उसाच्या पात्याने कापलेल्या बारीक रेषाच रेषा.

“बाई, लस घेतली तर ताप येतू ना?”

“एखाद्याला येतो, मावशी. गोळ्या देऊ आम्ही.”

“गोळीचं न्हाई इचारलं. ताप आला तर खाडा पडन. खाडा कोण भरणार? तुमी का सरकार?”

टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी त्या कोयत्याने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती तोडणीतून फेडायची असते. एक जण जरी एक दिवस आला नाही तरी खाडा लागतो, म्हणजे मजुरी जातेच, वर दंडही हिशेबात चढतो. या टोळीत खाडा 500 रुपयांचा होता. तेव्हाच्या सरकारी आदेशात नियम मोडणाऱ्या माणसाला दंड तोच होता, 500. पण सरकारचा दंड पकडलं तर बसतो, मुकादमाचा आजारी पडलं की बसतोच.

तेव्हा टीव्हीवर रोज रात्री लसीची चर्चा चालायची. स्वातंत्र्य, विज्ञान, अफवा, अडाणीपणा सगळं त्यात यायचं. खाडा हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. आमच्या प्रशिक्षणात नकाराच्या कारणांमध्ये ‘गैरसमज’ होता, ‘भीती’ होती, ‘सुईची भीती’सुद्धा वेगळी होती. आजारी पडणं परवडत नाही, असं कारण असलंच तर ते ‘इतर’मध्ये.

अफवा नव्हत्या असं नाही. एक नवी नवरी म्हणाली, लशीने मूल होत नाही म्हणे. मी उत्तर द्यायच्या आत मावशीच म्हणाली, “तुला भ्या आसंल बाई. माही तर पिशवीच काढलीया. मला कामून भ्यावं?” आणि दोन-तीन बायका हसल्या. त्यांच्याही काढलेल्या होत्या. 2019मध्ये विधान परिषदेत ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय गाजला होता, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. पाळीच्या दिवसांचा खाडा नको, हे त्यामागचं एक कारण तेव्हा पुढे आलं होतं. वाचलेलं सगळं होतं. पण ऐन जेवणाच्या सुट्टीत, हसण्यावारी ते कानावर पडलं तेव्हा मला काही बोलता आलं नाही. मी त्या नवरीला एवढंच सांगितलं की गरोदर बायकांनाही जुलैपासून लस देतायत आणि लशीने मूल होत नाही या म्हणण्याला काहीही आधार नाही.

तोडगा मावशीनेच काढला. जोडीतल्या एकालाच आज द्या. गडी पडला तर बाई तोडंल, बाई पडली तर गडी. मुकादम तयार होईना. एक कोयता अर्धा झाला तरी गाडीचं टनेज कमी पडणार, आणि ते त्याच्या अंगावर. मग चिटबॉयला फोन लावला. नशीब असं की कारखान्याच्या यार्डात गाड्यांची रांग लागली होती आणि दुसऱ्या दिवशीची गाडी दुपारपर्यंत यायचीच नव्हती. म्हणजे अर्धा दिवस मोकळा. मुकादमाने सगळ्यांसमोर सांगितलं, उद्या दुपारपर्यंत कुणाचा खाडा नाही. मालक कुरकुरले, पण गाडीच नसेल तर तोडून करणार काय? शेवटची ट्रॉली गेल्यावर, संध्याकाळी लस द्यायची ठरली. कॅरिअर घेऊन आम्ही उपकेंद्रात परतलो आणि आइसपॅक बदलले.

सव्वासहाला कोप्यांपाशी पहिली व्हायल उघडली. झाकणावर वेळ लिहिली. कोविशिल्डची एक व्हायल म्हणजे दहा डोस, उघडल्यापासून चार तासांत संपवायची, उरलं ते टाकायचं. त्यामुळे माणसं मोजूनच व्हायल उघडावी लागते. ट्रॅक्टरच्या हेडलाइटमध्ये मी बसले, आशाताईंच्या हातात मोबाइलचा टॉर्च. अर्धा मिलिलिटर भरायचं, हवा काढायची, दंड मोकळा करायला सांगायचं. दिवसभर कोयता मारलेला दंड दगडासारखा घट्ट असतो. हात सैल सोडा म्हटलं तरी सुटत नाही.

खरी कटकट नोंदीची. बऱ्याच जणांचं आधार कार्ड गावी, आणि पोर्टलवर एका मोबाइल नंबरवर तेव्हा चारच जणांची नोंद होत असे. अर्ध्या टोळीकडे मुकादमाचाच नंबर. मग ट्रॅक्टरवाल्याचा, दुकानदाराचा असे नंबर जमवत बसलो. रेंज नव्हती म्हणून आरोग्यसेवक वहीत लिहून घेत होते.

दुसरी व्हायल उघडून बराच वेळ झाला होता, नऊ वाजून गेले होते, तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. एकतीस डिसेंबरची गस्त. दिवा आणि माणसं बघून थांबली.

“काय चाललंय? पाचाच्या वर माणसं दिसतायत.”

“लसीकरण,” मी म्हटलं.

हवालदार क्षणभर गोंधळले. आरोग्य खात्याच्या माणसांनीच जमावबंदी मोडलेली, तीही सरकारी लस द्यायला. मग जवळ येऊन म्हणाले, “आमचा तो तिसरा डोस कधी?” पंतप्रधानांनी नाताळच्या रात्री भाषणात जाहीर केलं होतं, म्हणून मी सांगितलं: प्रिकॉशन डोस, 10 जानेवारीपासून. त्यांनी तारीख मोबाइलमध्ये टाकून घेतली. जाता जाता मुकादमाला म्हणाले, “पहाटं चारला सगळी मिळून फडात जाता न्हवं? सहाच्या आत पाचाच्या वर जायचं न्हाई.” टोळी हसली, हवालदारही हसले. चार-चारच्या गटाने अंधारात ऊस तोडायला कोण जाणार होतं? पण आदेशाचा शब्द धरला तर ते म्हणाले ते चूक नव्हतं.

नदीपलीकडच्या कुठल्याशा शेतघरातून गाण्यांचा आवाज येत होता. हवालदारांची गाडी तिकडे वळली.

शेवटी शेतमालक आले. त्यांचा दुसरा डोस तोडीच्या नादात राहून गेला होता. शर्टाची बाही वर करत म्हणाले, “उद्या गाडी न्हाई म्हणून घेतोय बरं का.” मुलगा आला नाही. दुसऱ्या व्हायलमधले तीन डोस उरले. वेळ संपेपर्यंत थांबलो, मग वाया गेले म्हणून रजिस्टरला लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. चौघांना ताप होता, मावशीला काहीच नाही. दुपारी गाडी आली तेव्हा चौघांपैकी तिघं फडावर गेले. मुकादमाने शब्द पाळला, पण दुपारपर्यंतचाच. चौथ्याचा अर्ध्या दिवसाचा खाडा लावला की नाही, ते मी विचारूनही त्याने सांगितलं नाही.

जोडीतल्या उरलेल्यांसाठी आठवड्याने परत जायचं होतं. तोवर टोळी कारखान्याच्या दुसऱ्या भागात हलली होती, आणि 3 जानेवारीपासून 15 ते 18 वयाच्या मुलांचं लसीकरण सुरू झाल्यामुळे आम्ही शाळांमध्ये अडकलो. डॉक्टरसाहेबांना मी तेव्हा लेखी कळवलं की टोळीवरच्या सत्राची तारीख चिटबॉयला विचारून ठरवावी, गाडी नसेल त्या दिवशी. पुढच्या दोन सत्रांना तसं केलं आणि दोन्ही वेळा जोडीतली दोघंही आली.

मावशीचा दुसरा डोस 84 दिवसांनी, म्हणजे 25 मार्चला लागत होता. त्या वर्षी ऊस उदंड होता, हंगाम जूनपर्यंत लांबला, त्यामुळे टोळी गावी परतली नव्हती. मुकादमाच्या मोबाइलवर मेसेज गेला. त्याने मला फोन करून विचारलं, आता आम्ही दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत आहोत, इथं कुठं जायचं? मी तिथल्या सिस्टरचा नंबर दिला आणि तिलाही आधी फोन करून सांगितलं, संध्याकाळी जा, आणि यार्डात रांग आहे का ते विचारून जा.