चिमटा पुढे वाकलेला होता

सायकल दुरुस्तीला आली की मी आधी तिच्या हॅण्डलला चिठ्ठी बांधतो. वर मालकाचं नाव, खाली तक्रार. त्या दिवशी सकाळी नाव लिहून झालं आणि तक्रार काय म्हणून विचारलं, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "तक्रार नाही, मिस्त्री. खटला आहे. चाळीस वर्षं चाललाय. निकाल तुम्ही द्यायचा."

त्यांच्या मागे त्यांच्याच वयाचे, पन्नाशी ओलांडलेले आणखी एक गृहस्थ उभे होते. त्यांनी हात वर केला. "मी आरोपी." आणि दोघांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, एक बाई. मालकांची धाकटी बहीण. ती काही बोलली नाही, नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ मला दुपारी कळला.

सायकल म्हणजे वीस इंची बीएमएक्स, उड्या आणि कसरती करायची छोटी सायकल, ऐंशीच्या दशकातली. स्टिकर पार उडालेले, क्रोमवर गंजाचे ठिपके, मागचं चाक पाच जाड दांड्यांचं पांढरं नायलॉनचं, आता पिवळट पडलेलं. माझ्याकडे रोज पंक्चरवाल्या आणि गिअरवाल्या सायकली येतात. अशी एखादी दारात दिसली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. मीही लहानपणी अशाच सायकलवर गुडघे फोडून घेतले आहेत.

आरोप असा होता. १९८५ ची सुट्टी. आरोपींनी मालकांची सायकल "एकच फेरी" म्हणून मागून घेतली आणि फुटपाथच्या कडेवर आपटली. त्यात पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला. आरोपी म्हणत होते की आपटली हे खरं, पण चिमटा त्यामुळे वाकला नाही. सायकल इतकी वर्षं माळ्यावर पडून होती. आता मालकांना ती पुन्हा चालती करायची होती, आणि खोलायचीच आहे तर सोक्षमोक्षही लावून टाकू असं दोघांचं ठरलं होतं.

मी म्हटलं, आधी सगळी खोलू द्या, मग बोलतो.

माझ्या हाताखाली एक मुलगी काम शिकते. तिने अखंड क्रँक याआधी कधी काढला नव्हता. दोन्ही बाजूंचे क्रँक, म्हणजे पायडल लागतात त्या दांड्या, आणि मधला एक्सल मिळून एकच वाकवलेला पोलादी दांडा. त्या काळच्या बहुतेक स्वस्त आणि मध्यम बीएमएक्सना हाच असायचा. आधी डावं पायडल काढायचं, मग डाव्या बाजूचा उलट्या आट्यांचा नट, वॉशर, उलट्या आट्यांचाच बेअरिंगचा कोन, आणि मग अख्खा क्रँक वळवत वळवत उजवीकडून बाहेर. ती नट सवयीने सोडवायला गेली तो आणखी घट्ट झाला. मी "उलटा" म्हणायच्या आत आरोपी ओरडले, "उलटा, उलटा! त्या नटाने आमचा एक अख्खा रविवार खाल्ला होता!"

तिथून जी गोष्टींना सुरुवात झाली ती थांबेचना. मीही हात चालू ठेवून ऐकत होतो.

त्यांच्या टोळीत एकाच्या घरी परदेशातून एक बीएमएक्सचं मासिक आलं होतं. एकच अंक. त्याची पानं सुटेपर्यंत सगळ्यांनी वाचला. वाचला म्हणजे फोटो पाहिले. एका फोटोत एक मुलगा पुढच्या चाकावर उभा, मागचं चाक हवेत. या युक्तीला एंडो म्हणतात. पण मागचं चाक वर गेलं कसं, हे फोटोत दिसत नाही. यांच्या सायकलींना पुढचा ब्रेक नव्हता. तेव्हा शर्यतीच्या बीएमएक्सला मागचा एकच ब्रेक असायचा. बराच विचार करून यांनी असा निष्कर्ष काढला की मागून कुणीतरी उचलत असणार आणि तो माणूस फोटोतून कापला असणार. मग आठवडाभर सराव चालला. एकाने सायकलवर बसायचं, दोघांनी मागचं चाक उचलून धरायचं आणि चौथ्याने लांबून "सोडा!" म्हणायचं. मालक सांगत होते, "आणि आम्हाला ते जमायला लागलं होतं हो! आम्ही उचलण्यात तरबेज झालो होतो."

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पुढचं चाक हळूच फुटपाथच्या कडेला टेकवलं आणि अंग पुढे झोकलं की मागचं चाक आपोआप उठतं. एंडो शिकायची ही खरी, जुनी, जगभरच्या पोरांनी वापरलेली पद्धत. यांनी ती स्वतःची स्वतः शोधून काढली, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

बीएमएक्सच्या खेळाचा जन्मच मुळी असा नकलेतून झाला. १९७० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसच्या मोटारसायकलवाल्यांसारखं मातीत उड्या मारत सुटायचं म्हणून श्विन कंपनीची स्टिंग-रे सायकल घेऊन मोकळ्या जागांवर जायची. ही स्टिंग-रे १९६३ साली बाजारात आली होती आणि ती उड्या मारायला बनवलेलीच नव्हती. चिमटे वाकायचे, चाकाच्या तारा तुटायच्या, रिमचा पार आठ व्हायचा. मग मोठ्या माणसांनी पोरांच्या मोडतोडीमागे धावत सुटे भाग घडवले. मंगूस या बीएमएक्स कंपनीचे संस्थापक स्किप हेस यांनी तारांचा प्रश्नच मिटवावा म्हणून मोटोमॅग नावाचं ओतीव धातूचं चाक काढलं. यांच्या सायकलचं नायलॉनचं मागचं चाक त्याच विचाराचं धाकटं भावंड. अशा चाकाला आऊट, म्हणजे डगमग, काढायला तारा नसतात, पण ते वाकलं तर वाकलंच. आणि ओल्या नायलॉनवर ब्रेक धरत नाही. मी हे म्हणताच तिघांनी एकदम माना डोलावल्या. पावसाळ्यात म्हणे बूट हाच ब्रेक होता.

पुढची दातेरी चकती ४४ दातांची, मागचं फ्रीव्हील १६ चं. पायडलचा एक फेरा, चाकाचे पावणेतीन. हल्लीच्या कसरतींच्या बीएमएक्सना बहुधा पुढे २५ आणि मागे ९ दात असतात. हिशेब जवळजवळ तोच येतो, फक्त चकती छोटी झाल्याने ती कठड्यांवर आपटत नाही. यांची ४४ ची चकती एका बाजूने चांगलीच घासलेली होती. ती कशावर घासली याच्या तीन गोष्टी मला सांगण्यात आल्या, तिन्ही वेगळ्या, आणि प्रत्येकाची शपथेवर.

असं करत करत चिमटा हातात आला.

तो मी पुसला आणि टेबलावर आडवा ठेवला. या जातीच्या चिमट्याचे पाय सरळ असतात. चाक जिथे बसतं तो ड्रॉपआउट तेवढा पायाच्या पुढे काढलेला. म्हणजे चिमट्याच्या वरच्या नळीला स्टीलची लांब पट्टी लावली, तर पाय त्या पट्टीला समांतर जायला हवेत. मी पट्टी लावली. पाय समांतर नव्हते. दोन्ही पाय, अगदी सारखे, पुढे गेलेले होते. टोकाशी बोटभर तरी.

मी पुन्हा पट्टी लावली. चिमटा उलटा तर धरला नाही ना, हेही पाहिलं. मग फ्रेम घेतली आणि खालची नळी पुढच्या नळीला जिथे जोडलेली असते, तिथे खालून बोट फिरवलं. गुळगुळीत. रंगाला सुरकुती नाही, पत्र्याला फुगवटा नाही.

"वकिली नको, सरळ सांगा," मालक म्हणाले.

मी सरळ सांगितलं. सायकल समोरून कशावर आदळली, तर धक्का चाकाला मागे ढकलतो. चिमटा मागे वाकतो, चाक पायडलच्या दिशेने सरकतं, आणि धक्का मोठा असेल तर खालच्या नळीला जोडाजवळ खालून फुगवटा येतो. फुटपाथची कड हा समोरचा धक्का. त्याने चिमटा पुढे वाकूच शकत नाही. चिमटा पुढे वाकतो तो सायकल उंचावरून थेट पुढच्या चाकावर उतरली तर. जमीन चाकाला वर ढकलते, चिमटा तिरका असतो, म्हणून त्याचे पाय पुढे फाकतात.

"म्हणजे?" आरोपी.

"म्हणजे ही सायकल कुणीतरी हवेतून नाकावर उतरवली आहे. तुम्ही नाही."

मला वाटलं होतं, ते टाळी मारतील. ते खुर्चीवर बसले आणि काही वेळ नुसते चिमट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तेव्हा माझ्या सायकलचं पॅड दिलं होतं रे. भरपाई म्हणून."

हॅण्डलच्या आडव्या दांडीवर अजून एक निळं पॅड होतं. शर्यतीत पडल्यावर दात आणि हनुवटी वाचावी म्हणून हॅण्डल, हॅण्डल धरणारा स्टेम आणि फ्रेमवर अशी फोमची पॅड लावायचे. शर्यतींच्या नियमात ती असायचीच, पण पोरांना ती हवी असायची ती तोऱ्यासाठी. यांच्या टोळीत तेवढं एकच निळं पॅड होतं आणि ते द्यावं लागलं म्हणून तेरा वर्षांचा मुलगा रात्री रडला होता, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

"काका, हे काढू का?" माझ्या हाताखालच्या मुलीने विचारलं. पॅडच्या आत फोमचा भुगा झाला होता, तो झटकायलाच हवा होता. तिने पॅड उघडलं, भुगा पुसला आणि दांडीवर अंगठा फिरवत थांबली. क्रोमवर दोन आडव्या खाचा होत्या, वीतभर अंतरावर. तारेने घट्ट बांधलेली जड वस्तू हिसका बसून ओढली गेली की पडतात तशा.

"इथे काय बांधलं होतं?"

मालक गप्प. आणि मागे बहिणीचा बांध फुटला. ती इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली.

"मला," ती म्हणाली. "दादा, आता तरी सांगून टाक."

१९८२ च्या 'ई.टी.' सिनेमात मुलं परग्रहावरच्या पाहुण्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळून हॅण्डलवरच्या क्रेटमध्ये बसवतात, बीएमएक्सवरून पाठलागातून निसटतात आणि शेवटी सायकली आकाशात उडतात. त्यातल्या स्टंट-सायकलस्वारांत बॉब हारो होते, फ्रीस्टाइलचे, म्हणजे बीएमएक्सवरच्या कसरतींचे, जनक म्हणून ओळखले जातात ते. तो सिनेमा पाहून जगभरच्या किती पोरांनी हॅण्डलला क्रेट बांधला असेल, कल्पना करा. मालकांनीही बांधला. क्रेटमध्ये पांढरी चादर गुंडाळून सहा वर्षांची बहीण बसवली. विटांवर फळी टेकवून चढ केला, पुढे वाळूचा ढीग. संध्याकाळची वेळ, साक्षीदार कुणी नाही. उडायचंच तर आधी एकट्याने उडून बघू, मग उद्या सगळ्यांना दाखवू, असा बेत.

हॅण्डलच्याही पुढे सहा वर्षांचं मूल. एवढं वजन पुढे असताना मागचं चाक फळीवरून सुटलं की सायकलचं नाक खाली जाणारच. गेलं. पुढचं चाक थेट जमिनीवर, क्रेट बांधलेल्या तारा तुटल्या, क्रेट वाळूत.

"मला काही लागलं नाही," ती सांगत होती. "चादरीमुळे काही दिसतही नव्हतं. आधी खडखड झाली, मग एकदम काहीच नाही, सगळं शांत, आणि मग वाळू. मी खरंच उडाले असं मला पुढे दोन वर्षं वाटत होतं."

मालकांना त्याच संध्याकाळी हॅण्डल हलकं लागायला लागलं होतं, जरा स्पर्श केला की वळायचं. चिमटा पुढे गेला की असंच होतं. पण बहिणीला क्रेटमध्ये बसवून उडवलं हे घरी कळलं असतं, तर सायकल कायमची गेली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राने फुटपाथवर एंडो करताना कोलांटी खाल्ली आणि मालकांच्या तोंडून निघून गेलं, "वाकवलास!" एकदा निघालेला शब्द मागे घेता आला नाही. आणि भरपाईत मिळालेलं पॅड त्यांनी नेमकं त्या खाचांवर लावलं.

"चुकलं माझं," मालक म्हणाले. मित्राकडे बघून, मोठ्याने, दोनदा.

मित्राने भुगा झालेलं पॅड उचललं, झटकलं आणि खिशात घातलं. "हे मी परत घेतो," एवढंच म्हणाले. मग दोघेही हसायला लागले, आणि माझ्या हाताखालची मुलगीही, आणि मी पाना खाली ठेवला.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. चिमटा मी सरळ करून दिला नाही. मालकांचा आग्रह होता, पण एकदा वाकलेलं पोलाद पुन्हा उलटं वाकवलं की त्याच जागी तडा जायची भीती असते, आणि चिमटा तुटला तर माणूस तोंडावरच पडतो. माझ्या जुन्या सामानात एक इंची आट्यांचा क्रोमोली पोलादाचा चिमटा होता, तो बसवला. छर्रे नवे, ग्रीस नवं, चेन नवी, पुढच्या चाकाचा आऊट काढला. क्रोमवरचा गंज पुसला, पण पॉलिश करून चकाचक केला नाही. हॅण्डलवरच्या दोन खाचांना हातही लावला नाही. जुना चिमटा कागदात गुंडाळून दिला.

पहिली फेरी कुणी मारायची यावर चर्चा झालीच नाही. आरोपी, म्हणजे निर्दोष सुटलेले गृहस्थ, सायकलवर बसले. गुडघे हॅण्डलला लागत होते. उभ्यानेच दोन चकरा मारल्या, मग आम्ही काही म्हणायच्या आत फुटपाथच्या कडेकडे वळले. पुढचं चाक टेकलं, अंग पुढे गेलं, मागचं चाक वीतभर उठलं, क्षणभर तिथेच राहिलं आणि खाली आलं.

आम्ही सगळे ओरडलो. मालक धावत गेले आणि आधी वाकून चिमटा पाहिला.

हिशेब झाल्यावर मी हॅण्डलची चिठ्ठी सोडायला गेलो, तर बहिणीने माझा हात धरला.

"थांबा. तेव्हा मी गप्प बसावं म्हणून दादा काय म्हणाला होता, विचारा त्याला."

मालक खाली बघून हसले. "मोठी झालीस की सायकल तुझी."

"मी आता शेहेचाळीस वर्षांची आहे," ती म्हणाली.

मी पेन काढलं, चिठ्ठीवरचं सकाळचं नाव खोडलं आणि तिला तिचं नाव विचारलं.